एकोणीस दिवस धरून ठेवलेलं बेट

विहीणबाई, तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. गेलेल्या माणसाशी गोड बोलावं म्हणतात. पण आपण दोघी नऊ वर्षांत एकमेकींशी कधी गोड बोललो, की आता सुरू करावं? इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणारी मुलगी परवा घरी आली होती. म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांना सगळ्यांत जवळून पाहिलंय. आठवणीचे चार शब्द लिहा ना." मी म्हटलं, लिहिते. मी काय लिहिणार आहे ते तिला बिचारीला काय ठाऊक. यात चुका असतील त्या असू देत. तपासणारं माणूस गेलं.

दहाव्याला रविवार होता. तिकडे घाटावर सकाळचे दहा, इकडे टोकियोतल्या तोयोसुत दुपारचा दीड. माझी लेक प्रज्ञा, नात रेवा आणि मी, अशा तिघी सोफ्यावर फोनसमोर बसलो होतो. तिकडे आमच्या जावयांनी, निखिलरावांनी, फोन त्यांच्या मावसभावाच्या हातात दिलेला, आणि तो कधी घाट दाखवायचा, कधी स्वतःचा अंगठा. कावळे होते हो. कठड्यावर सहा-सात ओळीनं बसले होते. पण एकही खाली उतरेना. निखिलराव हात जोडून बोलायला लागले. "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही." कावळे ढिम्म. "आई, तुझे सगळे नकाशे शाळेला देतो." ढिम्म. "आई, रेवाला मराठी लिहायला शिकवतो." एक जरासा सरकला आणि परत मान खाली घालून बसला. तुमचे यजमान खुर्चीत बसून नुसते बघत होते. शेवटी गुरुजी म्हणाले, "अजून कुणाच्या मनात काही असेल तर बोलून टाका. तिकडे जपानात कोण आहेत त्यांनाही विचारा."

निखिलरावांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. डोळे सुजलेले. "आई, तुम्हाला काही बोलायचंय का?"

मी म्हटलं, "नाही हो. माझं काय राहणार?"

पाऊण तासानं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्याला शिवायला लावला, आणि उरकलं.

रेवानं विचारलं, "मम्मा, नान्दे?" म्हणजे का, कशामुळं. प्रज्ञा रडत होती, बोलून गेली, "आजीच्या मनात कुणाबद्दल तरी राग राहिला असेल बाळा. तसं असलं की कावळा येत नाही म्हणतात." पोरीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मी पाहिला. ती मनात कुणाचं नाव घेतेय ते मला तिथंच कळलं. स्वतःचं घेत होती.

आणि ते खोटं होतं. तो राग असलाच, तर माझ्या नावाचा होता. पण हे तिला सांगायचं म्हणजे एकुलती एक नात हातची घालवायची. दोन दिवस मी कणीक मळत होते आणि याचाच विचार करत होते. सांगावं की न सांगावं.

अंक वाचणाऱ्यांना आपलं गणित माहीत नसेल, म्हणून सांगते. आपण दोघी आळीपाळीनं टोकियोला यायचो. व्हिसा तीन महिन्यांचा. तुमचे तीन महिने संपले की माझे सुरू, माझे संपले की तुमचे. रेवा चार महिन्यांची होती तेव्हापासून, कारण प्रज्ञा कावासाकीला कामाला, निखिलराव टोकियो स्टेशनपाशी, दोघं घरात शिरायची आठला. म्हणजे आपण विहिणी नव्हतोच, आपण कारखान्यातल्या दोन ड्यूट्या होतो. गाठ पडायची ती बदलीच्या वेळी, चार-सहा दिवस. एरवी मी तुम्हाला ओळखायचे ती तुम्ही लावून ठेवलेल्या मिसळणाच्या डब्यावरून. मी मधल्या वाटीत हळद ठेवून जायची. तीन महिन्यांनी येऊन बघावं तर मध्ये मोहरी. मी परत हळद. नऊ वर्षं!

आणि तो लाल पेन. मी फ्रिजवर कचऱ्याचे वार लिहून चिकटवले होते, तुमच्याच सोयीसाठी. जळणारा कचरा मंगळवारी, बाटल्या गुरुवारी. पुढच्या खेपेला आले तर माझ्या कागदावर सात ठिकाणी लाल गोल. खाली तुमची सही नव्हती एवढंच. मी सातवी शिकलेली, कराडची. तुम्ही पुण्यातल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. मान्य. पण फ्रिज काय वर्ग आहे का?

पाहुण्यांना माझी ओळख करून देताना तुम्ही म्हणायचात, "या प्रज्ञाच्या आई. मनानं फार चांगल्या." मनानं चांगल्या म्हणजे काय ते मला कळतं हो. दुसरं काही सांगण्यासारखं नसलं की माणसं मनावर येतात. मीसुद्धा कमी नव्हते. तुमच्यादेखत सांगायची, "आमचे जावई पुस्तकातलंच जेवून मोठे झाले, म्हणून तर एवढे बारीक." तुम्ही हसायचात, पण मानेवरची शीर उडायची. मला ती शीर बघायला आवडायचं. आज लिहायला लाज वाटते, पण आवडायचं.

या ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच आपण महिनाभर एका घरात राहिलो. प्रज्ञाचं ऑपरेशन होतं म्हणून मी लवकर आले आणि तुमचं तिकीट आधीचंच होतं. रेवाला उन्हाळ्याची सुट्टी. इथल्या शाळेत सुट्टीत मुलांनी आपल्या मनानं एक विषय घेऊन त्याचा अभ्यास करायचा, मोठ्या कागदावर मांडायचा आणि शाळा उघडली की वर्गासमोर सांगायचा. जियू केनक्यू म्हणतात. बाकीची पोरं बिया उगवतात, किडे पाळतात. रेवानं तुम्हाला विचारलं आणि तुम्ही तिला बेट दिलंत.

पांतेलेरिया. किती वेळा ऐकलं हे नाव! भूमध्य समुद्रात सिसिली आणि आफ्रिका यांच्या मधोमध एक ठिपका. तुम्ही म्हणालात, "अ‍ॅटलासमध्ये याचं नाव बेटापेक्षा मोठं छापतात. म्हणून मी दर वर्षी हुशार मुलांना हेच विचारायची. हमखास पडायची." आहे इटलीचं, पण जवळ आहे ट्युनिसियाच्या. ज्वालामुखीतून वर आलेलं, सगळं काळं काळं. दगडांच्या फटीतून अजून वाफा निघतात. तळं आहे त्याचं पाणी ऊन. पण गोड पाण्याचा एक झरा नाही, नदी नाही. म्हणून घरांची छतं घुमटासारखी, पाऊस पडला की तो निथळून अंगणातल्या टाक्यात जावा. वारा एवढा की द्राक्षाच्या वेली खड्डे करून त्यात लावतात, जमिनीलगत ठेवतात. आणि संत्र्याचं एक झाड जगवायचं तर त्याच्याभोवती दगडाचा उंच गोल बुरूज बांधतात. एका झाडासाठी एक बुरूज!

तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पण विहीणबाई, मी नळ बंद करून ऐकत होते. खरं तेच लिहायचं तर हेही लिहिते. तुमच्यासारखं शिकवणारं कुणी मला लहानपणी भेटलं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. तुम्ही टेबलावर कणकेचा गोळा ठेवलात, त्याला खालून वाफेचा कप लावलात आणि म्हणालात, "हे बघ, बेट जन्मतं ते असं." माझ्या पोळ्यांची कणीक घेतलीत न विचारता, पण मी काही बोलले नाही. मग इतिहास. अश्मयुगात लोक काचेसारख्या काळ्या दगडासाठी होड्या घालून तिथं यायचे. मग कार्थेजवाले, रोमन, अरब. अरब गेले, पण वाड्यावस्त्यांची नावं अजून त्यांचीच. मागच्या मोठ्या लढाईत त्या एवढ्याशा ठिपक्यावर इतके बाँब पडले की शेवटी पांढरं निशाण लागलं. रेवा तोंड उघडं टाकून ऐकायची. मी "जेवायला चल" म्हटलं की "छोत्तो मात्ते." थांब जरा. मला म्हणायची, तुम्हाला नाही.

एक दिवस तुम्ही फोनवर तिथल्या झुडपाचा फोटो दाखवलात. तिथले लोक त्याच्या कळ्या खारवून विकतात, केपर म्हणतात. मी पाहिलं आणि म्हटलं, "अगं बाई, ही तर आमच्या वाघाटीची बहीण! फूल बघा की, तेच लांब लांब तंतू. आम्ही आषाढातल्या बारशीला वाघाट्याची भाजी करतो. आम्ही फळ खातो, ते कळी खातात."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "कराडात जगातल्या सगळ्यांचे नातेवाईक राहतात वाटतं."

रेवा हसली. तिनं कागदावर वाघाटीचं नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं, ते तुम्ही लाल रेघ मारून काढायला लावलंत. मी नंतर बघितलं, विहीणबाई. एकाच कुळातल्या आहेत त्या. वाद आपला अर्धाच राहिला, पण त्यात मी बरोबर होते, एवढं इथं छापून यावं.

असो. आता मुद्द्याचं.

तुमची सगळ्यांत आवडती गोष्ट होती ती रोमच्या बादशहाची. त्यानं आपल्या पोटच्या पोरीला बदनामीच्या कारणावरून या बेटावर धाडलं. एकुलती एक मुलगी. दारूचा थेंब द्यायचा नाही, परवानगीशिवाय कुणा पुरुषानं तिथं पाय ठेवायचा नाही. आणि तिची आई, जिला त्या बादशहानं ही पोर जन्मली त्याच दिवशी टाकलं होतं, ती म्हातारी आपण होऊन तिच्याबरोबर गेली. तुम्ही सांगितलंत, "तिला कुणी शिक्षा दिली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं. पोर एकटी पडेल म्हणून गेली."

रेवानं पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं विचारलं, मराठीत विचारलं, "मला पाठवलं तर माझ्याबरोबर कोण येईल?"

तुम्ही क्षणाचाही वेळ घेतला नाहीत. "मी येईन."

तिनं मान डोलावली. झालं. मी चार पावलांवर कोथिंबीर निवडत होते. मला कुणी विचारलं नाही. तिनं कागदावर चित्र काढलं, काळ्या दगडावर दोन बायका, एक लहान, एक मोठी, आणि मोठीला चष्मा, त्याला गळ्यातली साखळी. तुमची साखळी.

त्या दिवशी दुपारी मी फोन घेऊन बसले. मला हल्ली येतं हो सगळं, बोलून विचारलं की फोन वाचून दाखवतो. मी भोक शोधायला बसले होते, ज्ञान मिळवायला नाही. आणि भोक सापडलं. ती बादशहाची पोर पांतेलेरियावर गेलीच नव्हती. ते बेट दुसरंच, पार वर, इटलीच्या किनाऱ्यापाशी, वेंतोतेने नावाचं. तुम्हीच म्हणायचात ना, एका पुस्तकावर विसंबू नये? मी तीन ठिकाणी बघितलं. तिन्हीकडे तेच. एकतीस वर्षं तुम्ही पोरांना चुकीच्या बेटाची गोष्ट सांगत होतात.

तेव्हाच तुम्हाला हळूच सांगितलं असतं तर? कागदावर अजून पेन्सिलच होती. पाच मिनिटांचं काम. पण मी धरून ठेवलं. एकोणीस दिवस. तुम्ही रेवाकडून शाई फिरवून घेतलीत, रंग भरून घेतलेत, जपानीतली वाक्यं पाठ करून घेतलीत, आणि मी तुम्हाला चहा देत होते. गोड चहा. तुम्ही एकदा म्हणालातसुद्धा, "विहीणबाई, या खेपेला तुम्ही फार शांत आहात."

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम ठेवली. आपल्याच इमारतीतली तीन मराठी कुटुंबं बोलावली. चिवडा मी केला होता. रेवानं छान सांगितलं, अर्धं जपानीत, अर्धं मराठीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही खुर्चीत ताठ बसला होतात, इतक्या खूश की पदर सारखा सारखा नीट करत होतात.

मी म्हटलं, "रेवा, त्या लेकीला पाठवलं ते बेट कुठलं गं?"

"हेच."

"नक्की?"

"पुण्याच्या आजीनं सांगितलं."

मग मी फोन निखिलरावांपुढं धरला. "जावईबापू, हे जरा वाचता का हो? मला मेलीला इंग्रजी कुठं येतंय."

त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज बारीक झाला. पण तोवर सगळ्यांना कळलं होतं. समोरच्या घरातले ते गोरे गोरे गृहस्थ, ते तुम्हाला नेहमी मुद्दाम वाकून नमस्कार करायचे बघा, ते हसत म्हणाले, "बाई, आता एकतीस बॅचचे मार्क परत द्या!" त्यांचा हेतू वाईट नव्हता. सगळे हसले. मीही हसले. माझा हेतू वाईट होता.

रेवा रडायला लागली. शाई पुसता येईना, उद्या शाळा. ती तुमच्याकडे वळली आणि ओरडली, "उसोत्सुकी!"

तुम्हाला इतक्या वर्षांत जपानी चार शब्दांपलीकडे आलं नाही. मी पोराबाळांत, बागेत, पाळण्यापाशी बसून शिकले होते. तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली ती?"

प्रज्ञानं माझ्याकडे बघून मान हलवली, नको. मला म्हणता आलं असतं, दमलीय म्हणते. म्हणता आलं असतं, मला कळलं नाही.

मी म्हटलं, "खोटारडी म्हणाली तुम्हाला."

विहीणबाई, मी तुमच्या मानेवरची शीर बघितली. ती उडाली नाही. तुम्ही उठलात. पर्समधून तो लाल पेन काढलात, कागदापाशी गुडघ्यावर बसलात, गुडघे दुखत असताना, आणि आपल्याच गोष्टीवर आडवी रेघ मारलीत. पट्टी न घेता सरळ. बाजूला मराठीत लिहिलंत, ही घटना वेंतोतेने बेटावर घडली. रेवाला म्हणालात, "चूक माझी आहे. माणसं खरी आहेत, बेट चुकलं. बाईंनी विचारलं तर सांग, माझ्या आजीनं चुकीचं शिकवलं." पोर चित्राकडं बघत होती, तुमच्याकडं नाही.

पाहुणे गेल्यावर तुम्ही कप पुसत होतात. माझ्याकडं न बघता विचारलंत, "किती दिवस झाले तुम्हाला कळून?"

मी म्हटलं, "काय कळून?"

तुम्ही कप जागेवर ठेवलात. "काही नाही. साखर संपत आलीय, लिहून ठेवा."

चार दिवसांनी तुम्ही गेलात. रेवाला म्हणालात, "नोव्हेंबरात येते." तिनं मान डोलावली, जवळ आली नाही. शाळेत तिच्या बाईंनी त्या लाल रेघेशेजारी पाकळ्यापाकळ्यांचं मोठं फूल काढून दिलं, शाबासकीचं. चूक उघड दाखवली म्हणून. प्रज्ञानं तुम्हाला फोटो पाठवला. त्यानंतर रविवारी तुमचा फोन आला की रेवा आतल्या खोलीत जाऊन बसायची, लाजेनं. तुम्ही विचारायचात, "रेवा कुठंय?" मी सांगायची, "क्लासला गेलीय." एकदा नाही, सहा रविवार सांगितलं. हाताला धरून आणलं असतं तर आली असती पोर. मला वाटायचं, नोव्हेंबरपर्यंत आपोआप विसरतील दोघी. खरं म्हणजे मला तेव्हा घरात एकटीलाच राहायचं होतं तिच्याजवळ.

आणि मग तुमच्या डोक्यातली ती नस. न्हाणीघरात. बास, पुढचं मी लिहीत नाही.

मंगळवारी दुपारी रेवा शाळेतून आली, दप्तर टाकलं, भाताच्या कुकरपाशी गेली. मला वाटलं भूक लागली. बघते तर ती भाताची वाटी घेऊन गॅलरीत उभी. एकविसावा मजला. पाखरांना खायला घालायचं नाही असा इमारतीचा नियम आहे, तिला पाठ आहे तो. कावळे कुठंतरी खाली, कालव्यावरून उडत होते, ठिपक्याएवढे. ती दोन्ही हातांनी वाटी पुढं धरून माफी मागत होती, तिच्या मोडक्या मराठीत. "आजी, गोमेन. मी मराठी वाचीन. मी परत नाही म्हणणार तसं. मी रविवारी फोन उचलीन."

फोन उचलीन म्हणाली हो!

मग माझ्यानं राहवलं नाही. मी गॅलरीत गेले. म्हटलं, "रेवा, आजीचा राग तुझ्यावर नाही. माझ्यावर आहे. ते बेट चुकीचं आहे हे मला आधीपासून माहीत होतं."

"आधी म्हणजे?"

"तू चित्र काढलंस त्या दिवसापासून."

"शाई मारायच्या आधी?"

"हो."

"किती दिवस?"

"एकोणीस."

ती हिशेब करत असल्यासारखी माझ्याकडं बघत राहिली. "का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर आजी चुकावी असं मला वाटत होतं."

"तिला माहीत होतं, तू केलं ते?"

"हो. तिनं मला विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, काय कळून."

विहीणबाई, मला वाटलं होतं आता ती रडेल, माझ्यावर ओरडेल, आणि मग हलकी होईल. तिच्या डोक्यावरचं उतरवून माझ्या डोक्यावर घ्यायला गेले होते मी. मोठ्या मनाची ना मी! तर ती म्हणाली, "पण मी पण म्हटलं ना तिला. ते मी म्हटलं." तिचं तिनं सोडलंच नाही. वर माझंही ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी रविवारी मला सांगू शकत होती, तू केलं म्हणून."

"शकत होती."

"नाही सांगितलं."

"नाही."

का नाही सांगितलंत? मी मेले असते आणि तुम्ही राहिला असतात, तर तरी सांगितलं असतंत का? तुम्ही एक शब्द बोलला असतात तर ही पोर त्याच दिवशी माझ्या मांडीवरून उठली असती, आणि तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. मला हरवण्याचा एवढा सोपा डाव तुम्ही हातात असून खेळला नाहीत. मला तुमचा राग येतो याचा. उपकार करून न सांगता निघून जाणाऱ्या बायका मला कधी आवडल्या नाहीत.

रेवानं वाटी माझ्या हातात दिली. "मग तू धर. तू सांग तिला." आत गेली आणि काचेचं दार सरकवून बंद केलं.

मी उभी राहिले. खाली रस्ता, शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेले शर्ट. मी पुटपुटले, विहीणबाई, गुरुवारी निखिलराव येतायत. त्या रविवारी जे जे घरात होते त्या सगळ्यांना परत बोलावते, आणि एकोणीस दिवसांचं सगळं सांगते, त्यांच्यासमोर, निखिलरावांसमोर. सहा रविवारचं पण सांगते. अंकात लिहिते. असलंच काहीबाही बोलत होते, खालमानेनं, शेजारी ऐकतील म्हणून दबक्या आवाजात.

मागं दार बोटभर उघडलं.

"ऐकू येत नाहीये," रेवा म्हणाली. मराठीत. "मोठ्यानं बोल."

मी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.